समुद्राला न मिळालेलं शुद्धिपत्रक

"बाई, त्यांना शिकवायच्या फंदात पडू नका. फक्त जागं ठेवा. जागा माणूस काहीतरी शिकतोच."

हा आमच्या साहेबांचा आवाज. साहेब जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत जरा डोळा लागला की तो आवाज कानाशी येतो आणि मी दचकून ताठ बसते. आमचे हे म्हणतात, "तू निवृत्त झालीस, हे तुझ्या पाठीच्या कण्याला कोणी कळवलेलं दिसत नाही." ज्या आवाजानं दचकावं असे आवाज आता फारसे उरलेले नाहीत.

मी नगरपालिकेच्या प्रशिक्षण विभागात होते. विभाग म्हणजे साहेब आणि मी. जिन्याखालची एक खोली, एक फळा, दोन टेबलं आणि एक कपाट. कपाटाचं दार उघडायचं तर आधी साहेबांना उठून उभं राहावं लागे. वरून कोणी जिना उतरलं की आमच्या चहात धूळ पडायची. साहेब पेल्यावर हात धरून म्हणायचे, "अध्यक्ष चालले." पावलांवरून त्यांना माणूस ओळखता यायचा. त्या खोलीत बसून आम्ही कारकुनांना टपाल कसं लावावं आणि शिपायांना आग कशी विझवावी हे शिकवलं होतं. साहेबांचा जीव मात्र समुद्रात. वाळू कुठून येते, कुठे जाते, खारफुटी तोडली की मासळी का कमी होते, यावर ते जेवता जेवता बोलायचे आणि डबा तसाच राहायचा.

अशात वरच्या कार्यालयातून हुकूम आला, की समुद्रकाठच्या लोकनियुक्त सदस्यांना 'किनारी साधनसंपत्तीचं व्यवस्थापन' या विषयाचं प्रशिक्षण द्यावं. किनाऱ्याचे निर्णय जे घेतात, त्यांना किनारा म्हणजे काय ते ठाऊक असावं, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. वरच्या कार्यालयाचे विचार नेहमीच चांगले असत. ते खाली येईपर्यंत जिन्यावर काहीतरी व्हायचं.

आमच्या नगरपालिकेपुढे तेव्हा किनाऱ्याचा एक निर्णय होताच. लाटा अडवायला समुद्रालगत लांबच लांब भिंत बांधायची, तिच्यावर फिरायला फरसबंदी आणि बसायला बाकं. खांब ठोकून, त्यांना लाल फडकी बांधून आखणीही झाली होती. भिंत हवी की नको, याबद्दल गावात दुमत नव्हतं. माझ्या मामाचंही नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की भिंतीत होड्या वर ओढण्यापुरती एक वाट सोडा.

मामा होडीवाला. माझे आईवडील लवकर गेले आणि मी त्याच्याच घरी वाढले. ओल्या दोराचा वास आला की मला अजून भूक लागते, कारण मामा परत आला की जेवायची वेळ व्हायची. त्याचं वय झालं होतं. वाट नसेल तर होडी पार लांबच्या बंदरात ठेवायची आणि रोज तिथवर जायचं, हे त्याच्यानं होणारं नव्हतं. भिंत सरळ गेली की होडी विकायची, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. तीनदा तो अध्यक्षांना भेटून आला. तिन्ही वेळा अध्यक्ष म्हणाले, "बघू."

"मी बोलू का साहेबांशी?" मी विचारलं.

"तू मधे पडायचं नाहीस," मामा म्हणाला. "भाची नगरपालिकेत आहे म्हणून वाट मिळाली, असं लोक म्हणतील. ती वाट मला नको."

म्हणजे माझं तोंड बंद. तसंही ते फारसं उघडं नसायचंच. माझे काही नेम होते, अजून आहेत. सकाळी देवापुढे दिवा लागल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. कोणाची निंदा करायची नाही. आणि दुपारी जेवणानंतर, दोनच्या टोल्यापासून तासभर मौन. हे मौन लग्नानंतर सासूबाईंच्या सांगण्यावरून धरलं. त्या म्हणाल्या होत्या, "तासभर दोघांपैकी एक जण गप्प असेल तर संसार टिकतो." दोघांपैकी कोणी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, ते मीच समजून घेतलं. यांचं ऑपरेशन झालं त्या दिवशीसुद्धा मी डॉक्टरांशी तासभर खुणांनी बोलले. डॉक्टरांनी यांना शुद्धीवर आल्यावर विचारलं, "मिसेसना जन्मापासून आहे का हो हे?"

निंदा न करण्याचा नेम असल्यामुळे प्रशिक्षणाला आलेल्या सदस्यांबद्दल मी चांगलंच सांगणार आहे. अध्यक्षांची प्रकृती उत्तम होती. ते खुर्चीत बसले की खुर्ची कोणती, हे कळत नसे. दुसरे हरकतमास्तर. हे निवृत्त शिक्षक, विरोधी बाजूचे पुढारी, आणि त्यांच्या लक्षातून काही निसटत नसे. बाकीच्या सदस्यांना शांत झोपेचं वरदान होतं.

तयारीच्या काळात सल्ल्यांची वाण नव्हती. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय वाट्टेल ते कर, पण त्यांना हात असलेल्या खुर्च्या दे. बिनहाताच्या खुर्चीत बसलं की पुढाऱ्याला वाटतं, आपलं पद गेलं. आमच्या भावजींचं तसंच झालं होतं. पद गेलं नव्हतं, पण माणूस खचला." काकूंच्या सल्ल्यात तथ्य असो नसो, तो न मानला तर त्या आठवडाभर वाटी मागायला येत नसत. मी मांडववाल्याकडून हातांच्या खुर्च्या आणल्या. लाल गादीच्या, वजनदार. आमचे हे म्हणाले, "आता यातून त्यांना उठवायला वेगळं प्रशिक्षण ठेव."

पहिल्या दिवशी साहेबांनी सभागृहाच्या भिंतीवर नकाशा लावला आणि हरकतमास्तर उभे राहिले.

"माझी हरकत आहे. नकाशात समुद्र डावीकडे दाखवलाय. आमच्या वॉर्डातून तो उजवीकडे दिसतो."

"तुमच्या वॉर्डातली घरं तिकडे पाठ करून आहेत, मास्तर," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे आमच्या वॉर्डाला पाठमोरा ठरवताय? याची नोंद घ्या."

साहेबांनी शांतपणे नकाशा काढला, उलटा टांगला आणि पुढे शिकवायला लागले. सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती, पण समुद्र उजवीकडे आला होता. त्यानंतर मास्तरांनी मन लावून ऐकलं.

मग साहेबांनी एका मोठ्या परातीत ओल्या वाळूचा किनारा केला, कडेला एक वीट लावली आणि म्हणाले, "ही तुमची भिंत. आता हळूहळू लाटा आणू या. भिंतीमागचं वाचेल, पण शेजारची वाळू कशी जाते ते बघा." लाटा आणायचा मान अर्थातच अध्यक्षांचा. त्यांनी तांब्या घेतला नाही, बादलीच उचलली. वीट जागेवर राहिली. बाकीचा किनारा पहिल्या रांगेच्या मांडीवर गेला. "समजलं," असं बरेच जण एकदम म्हणाले.

जेवणानंतरचा तास माझ्याकडे होता. साहेब तेव्हा जरा आडवे व्हायचे. आता पंचाईत बघा: काम त्यांना जागं ठेवायचं, आणि माझं मौन. एरवीही माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोचला तर वारा अनुकूल आहे असं समजायचं. मी एक युक्ती काढली. कोणाची मान कलली की मी समोर उभी राहून दोन्ही हात वर करायची. सगळ्यांनीही करायचे. मग खाली. मग पुन्हा वर. आधी ते लाजले, मग त्यांना आवडायला लागलं. दुसऱ्या दिवशी तर अध्यक्ष स्वतःच म्हणाले, "बाई, तो हातांचा विषय घ्या ना. कालपासून खांदा मोकळा झालाय." साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "निदान एका विषयात तरी सगळे पास."

आता मुख्य प्रकरण. शेवटच्या दिवशी क्षेत्रभेट होती. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळूचा एक दांडा उघडा पडतो. काठावरून तो बघायचा आणि वाळू कशी सरकते ते समजून घ्यायचं. साहेबांनी वेळापत्रकात लिहिलं होतं: 'सकाळी ओहोटी, सकाळी क्षेत्रभेट.' पण अध्यक्षांना त्या सकाळी एका दुकानाचं उद्घाटन निघालं. त्यांनी निरोप दिला, भेट जेवणानंतर ठेवा. हेडक्लार्कनी शुद्धिपत्रक काढलं.

आमचे हेडक्लार्क फार काटेकोर. एका कागदात एकीकडे सकाळ आणि दुसरीकडे दुपार, अशी विसंगती त्यांना सहन व्हायची नाही. त्यांनी लिहिलं: 'वेळापत्रकात जिथे जिथे "सकाळी" असा उल्लेख आहे, तिथे तिथे "दुपारी" असं वाचावं.' म्हणजे भेटही दुपारी आणि ओहोटीही दुपारी.

तो कागद माझ्या टेबलावर आला तो नेमका माझ्या मौनाच्या तासाला. मी वाचला आणि जोरजोरात मान हलवली. 'ओहोटी'वर बोट ठेवलं, हातानं लाटा करून दाखवल्या.

"छान झालंय ना?" हेडक्लार्क म्हणाले. "कुणाची तोंडी हरकत नाही, असं लिहितो." आमच्याकडे तशी पद्धतच होती. जो बोलला नाही, त्याची संमती.

तास संपल्याबरोबर मी धावत गेले. तोवर कागदावर सही झाली होती. "सही झालेल्या शुद्धिपत्रकाला दुसरं शुद्धिपत्रक लागतं," हेडक्लार्क म्हणाले, "आणि त्यावर अध्यक्षांची सही. अध्यक्ष सही करून परगावी गेले."

"पण समुद्र..."

"समुद्राला प्रत पाठवण्याची तरतूद नाही, बाई," ते गंभीरपणे म्हणाले. ते विनोद कधी करत नसत.

साहेबांना हे सांगितलं, तर ते इतके हसले, इतके हसले, की त्यांची कंबर धरली. खरोखरच धरली. दोघा शिपायांनी त्यांना घरी पोचवलं. क्षेत्रभेटीच्या दिवशी ते अंथरुणावर आणि मी प्रमुख. जाताना त्यांना भेटायला गेले तर उशीला टेकून म्हणाले, "काठावरून दाखवा आणि लगेच फिरा. आणि बाई, मला हसवू नका, दुखतं."

मी काठावरूनच दाखवणार होते. पण अध्यक्षांना समोर दांडा दिसला. भरती सुरू झालेली होती, दांडा अजून बराच उघडा होता, आणि काठ आणि दांडा यांच्या मधल्या नाळेत, म्हणजे पाण्याच्या अरुंद वाटेत, जेमतेम घोट्याइतकं पाणी होतं.

"तिथे फोटो काढू," अध्यक्ष म्हणाले. "मागे अख्खं गाव दिसेल. खुर्च्या घ्या रे."

"अध्यक्षसाहेब, पाणी चढतंय, इथूनच..." मी म्हणाले. वारा समोरून होता. माझं वाक्य माझ्याच कानामागून निघून गेलं.

शिपायांनी त्या लाल गादीच्या खुर्च्या डोक्यावर घेतल्या, दांड्यावर मांडल्या आणि आमच्या चहाची व्यवस्था बघायला परत गेले. सदस्य समुद्राकडे तोंड करून बसले. बसल्यावर सभा झाली, आणि सभा झाल्यावर भाषण आलं. फोटोवाल्यानं दोन फोटो काढले, पायाखाली बघितलं आणि नमस्कार करून निघून गेला. त्या दिवशी आमच्यातला सगळ्यात प्रशिक्षित माणूस तोच होता.

तेवढ्यात काठावरच्या घड्याळाचे दोनचे टोले पडले आणि माझं मौन सुरू झालं.

मी होडीवाल्याच्या घरची. मला ठाऊक होतं की दांड्यावरच्या माणसाला समुद्र समोरून गाठत नाही. तो मागून येतो. आधी नाळ भरते, आणि समोर बघत बसलेल्याला पत्ता लागत नाही. मी वळून बघितलं. नाळ भरत होती.

तुम्ही म्हणाल, बोलून टाकायचं. सांगणं सोपं आहे. इतक्या वर्षांचा नेम म्हणजे घरात वाढवलेलं झाड. कुऱ्हाड कोणी आपल्या हातानं घालत नाही. मी देवाला म्हणाले, पाच मिनिटं दे, खुणांनी जमवते. अध्यक्षांसमोर गेले आणि मागे बोट दाखवलं. अध्यक्षांनी वळून बघितलं, काठावर माणसं दिसली, त्यांनी त्यांना हसून हात केला. मी हातानं घोटा दाखवला, गुडघा दाखवला, कंबर दाखवली.

"साहेबांच्या कमरेबद्दल सांगतायत," हरकतमास्तर म्हणाले. "फार दुखतेय म्हणे."

"अरेरे," सगळे म्हणाले.

माझा धीर सुटला. मी देवाला हाक मारावी तसे दोन्ही हात वर केले.

आणि संपूर्ण नगरपालिकेनं दोन्ही हात वर केले.

मी खाली घेतले. त्यांनी खाली घेतले. मागे नाळ पोटरीच्या वर गेली होती, खुर्च्यांचे पाय वाळूत रुतत होते, आणि गावाचे निर्णय घेणारे सगळे लोक लाल गाद्यांवर बसून समुद्राकडे तोंड करून माझ्या पुढच्या खुणेची वाट बघत होते. मामा काठावर जाळं दुरुस्त करत होता. त्यानं नंतर सांगितलं, "मला वाटलं ठराव पास करतायत. एकमतानं. म्हटलं, असेल काही महत्त्वाचं."

अध्यक्षांच्या चपलेत पाणी आलं. त्यांनी न बघताच पाय वर घेतला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

"उठा," मी ओरडले.

तो आवाज माझ्यात कुठे होता ते मला माहीत नाही. माझ्या मामीला असा आवाज होता, होड्या लांब असताना ती हाक घालायची. काठावरचे कुत्रे भुंकायला लागले. अध्यक्ष असे उठले की खुर्ची त्यांना चिकटून आली. सगळ्यांनी मागे बघितलं आणि मग कोणाला काही शिकवायची गरज राहिली नाही.

नाळ आता चालत ओलांडण्याजोगी नव्हती. मधे ओढ होती. मी मामाला हाक मारली, तीही सगळ्या गावाला ऐकू गेली. मामानं होडी लोटली. पाण्यात ती पटकन आली. पण सगळे एका खेपेत मावणार नव्हते.

"आधी मी," अध्यक्ष म्हणाले.

"हरकत आहे," मास्तर म्हणाले. पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं. "ज्येष्ठता वयावरून धरायची की पदावरून, हे आधी ठरलं पाहिजे."

"मास्तर, बुडाल ना."

"बुडेन, पण नियमानं."

मामा वल्हं टेकून उभा होता. "करा ठराव," तो म्हणाला. "मी थांबतो. पाणी थांबेल असं मात्र मला वाटत नाही."

मत घेतलं गेलं. गुडघाभर पाण्यात हात वर करून. सरावाचा परिणाम म्हणा, सगळ्यांनी दोन्ही हात वर केले आणि मोजणी चुकली. शेवटी मामानंच एकेकाला दंडाला धरून आत घेतलं. अध्यक्ष आणि मास्तर दुसऱ्या खेपेला, शेजारी शेजारी, माझ्यासोबत. लाल खुर्च्या तिथेच राहिल्या. संध्याकाळी त्यातली एक काकूंच्या अंगणामागच्या काठाला लागली आणि काकू म्हणाल्या, "बघ, हात होते म्हणून तरली."

काठाला लागलो ती जागा नेमकी आखणीच्या दोन लाल फडक्यांच्या मधली. भरतीचं पाणी मागून ढकलत होतं, होडी वर ओढायची होती आणि मामा एकटा होता. "धरा जरा," तो म्हणाला. त्यानं ते पाहुण्याला पाट पुढे कर म्हणावं तसं सहज म्हटलं. अध्यक्षांनी एका बाजूनं दोर धरला, मास्तरांनी दुसऱ्या बाजूनं. भिजलेले, धापा टाकणारे, वाळूत टाचा रोवून ते दोघं ओढत होते आणि मामा "हां, आता, हां" करत होता. अध्यक्षांचं कोपर खांबाला घासलं तेव्हा ते थांबले. त्यांनी खांबाकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं.

"भिंत इथून जाणार," ते म्हणाले.

"हो," मामा म्हणाला.

"मग तुम्ही होडी कुठून ओढणार?"

"तेच विचारायला आलो होतो तीनदा," मामा म्हणाला. आवाजात काही नव्हतं. दोर गुंडाळत होता.

अध्यक्षांनी सदऱ्याची ओली बाही पिळली. मग म्हणाले, "वाट सोडतो. हा माझा शब्द."

मास्तरांची हरकत नव्हती. मी त्यांच्याकडे दोनदा बघून खात्री केली.

दुसऱ्या दिवसापासून माझं काय झालं ते विचारू नका. कार्यालयात माझं नाव 'भोंगा' पडलं. मी कुठल्याही खोलीत शिरले की कोणीतरी उठून उभं राहायचं. आमचे हे जेवताना कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुला आवाज होता." त्यात कौतुक होतं की धास्ती, ते मला कळलं नाही. नेम मोडला म्हणून मी त्या दिवशी देवापुढे बराच वेळ बसले. उठताना मन हलकं होतं, म्हणजे देवाची तक्रार नसावी. साहेबांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आवाज न करता हसले. मग म्हणाले, "जागे राहिले ना? झालं तर."

पण होडीच्या वाटेचं काही होईना. वरच्या कार्यालयाकडे विचारणा गेली, उत्तर आलं: 'वाट ठेवण्यास हरकत नाही. रुंदीचं मोजमाप काम सुरू होण्यापूर्वी कळवावं. न आल्यास भिंत आखणीप्रमाणे सरळ नेण्यात येईल.' त्यावर हेडक्लार्कनी शेरा मारला: 'संबंधितांनी कळवावं.' आता संबंधित कोण? अभियंते म्हणाले, होड्या आमच्याकडे येत नाहीत. बंदराचे लोक म्हणाले, भिंत आमच्याकडे येत नाही. मामा मोजून द्यायला तयार होता, पण होडीवाल्याचं मोजमाप चालत नव्हतं; लोकप्रतिनिधीनं जागेवर जाऊन घेतलेलं लागत होतं. सभेत विषय निघाला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बघू." मास्तरांनी हरकत घेतली, पण ती सभेच्या वेळेबद्दल होती.

दगडांच्या गाड्या येऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी काम सुरू होणार, असं शिपाई सांगून गेला. मी मामाकडे गेले तर तो होडीला तेल लावत होता.

"गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. "पाण्यात दिलेला शब्द, पोरी. पाण्यात गेला. तू कशाला तोंड पाडतेस?"

मला अध्यक्षांबद्दल खूप काही बोलायचं होतं. त्या दिवशी निंदेचा नेम पाळणं मला जितकं जड गेलं तितकं पुढे कधीही गेलं नाही. मामानं मला चिंधी दिली आणि दुसऱ्या बाजूला मी तेल लावायला लागले. लहानपणी लावायचे तसंच, लाकडाच्या रेषेनं. वास तोच होता.

पहाटे, अजून धड उजाडलं नव्हतं, मी देवासाठी फुलं काढायला दारापुढे आले. रस्त्यावरून अध्यक्ष येत होते. बरोबर शिपाई नाही, कोणी नाही. चालण्याची त्यांना सवय नव्हती. मधेच थांबून दम खात होते. मला बघून ते जरा अवघडले.

"फिरायला निघालोय," ते म्हणाले.

"बरं केलंत," मी म्हणाले.

त्यांच्या सदऱ्याचा खिसा एका बाजूनं फुगला होता आणि त्यातून लोखंडी मोजपट्टीचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी ते आत ढकललं.

"तुमचे मामा उठले असतील का एवढ्यात?"

"केव्हाच."

ते दोन पावलं गेले आणि परत वळले. "बाई, होडी सगळ्यात रुंद मधेच असते ना?"

"मधेच."

"आणि ओढणारी माणसं दोन्ही बाजूंना," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "त्यांच्या कोपरांची जागा धरायला हवी. त्या दिवशी माझं कोपर सोललं, वण आहे अजून." त्यांनी बाही वर करून ते मला दाखवलं. मग एवढ्या पहाटे एका बाईला आपण कोपर दाखवतोय हे लक्षात येऊन बाही खाली केली.

मी फुलांकडे बघत राहिले. ते उताराच्या पायऱ्यांपाशी गेले, चपला काढून हातात घेतल्या, मागे कोणी येत नाही ना ते बघितलं, आणि खाली वाळूत उतरले.